दुकानदार आणि नोकरदार : वस्तीचे दोन आधार

आपल्या वस्तीत दोन प्रकारची माणसे राबताना दिसतात. एक जण पहाटे हातगाडी लावतो, पिठाची गिरणी चालवतो, किराणा विकतो. दुसरा नगरपालिकेचा झाडू हाती घेतो, एस.टी. चालवतो, शाळेत शिकवतो, टपाल वाटतो. मुलीसाठी स्थळ पाहताना मात्र आपला पहिला प्रश्न असतो, "मुलगा नोकरीला आहे का?" या प्रश्नात छोट्या व्यावसायिकाची उपेक्षा दडलेली आहे. उलट, कित्येक व्यावसायिक सरकारी नोकराला बसून पगार खाणारा समजतात. या दोन्ही समजुती समाजाला घातक आहेत. त्या का, याचा विचार या पाठात करू.

१) कूटदंत सुत्ताची शिकवण

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा येते. राज्यात चोऱ्या-लूटमार माजलेली असताना राजाला मोठा यज्ञ करायचा होता. पुरोहिताने सांगितले की, अशा वेळी नवा कर लादणे योग्य नाही. आणि केवळ शिक्षा करूनही लूटमार थांबणार नाही. शेती करणाऱ्यांना बी-बियाणे द्यावे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे आणि राजसेवेतील लोकांना अन्न व वेतन द्यावे. मग प्रत्येक जण आपापल्या कामात गढून जाईल व राज्यात शांतता नांदेल. येथे व्यापारी आणि राजसेवक यांचा विचार एकाच योजनेत केला आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

२) परस्परांवरील अवलंबन

नोकरदाराचा पगार ठरल्या तारखेला येतो. त्यातला काही भाग वस्तीतील दुकानात गेला, की दुकानदाराचा माल फिरतो. महिनाअखेरीस हात आखडला, तर तोच दुकानदार वहीत मांडून धान्य देतो. दुकानदार घरपट्टी, पाणीपट्टी, परवाना फी भरतो. त्यातून गटारे व दिवाबत्तीची कामे होतात. रस्ता झाडला गेला नाही, नळाला पाणी आले नाही, तर गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकत नाही.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा याची प्रचीती आली. सफाई कामगार व परिचारिका कामावर जात होत्या, एस.टी. व बेस्टचे कर्मचारी त्यांची ने-आण करीत होते, आणि किराणा दुकानदार धान्य पुरवीत होते. यांपैकी एक जरी दुवा तुटला असता, तरी वस्ती कोलमडली असती.

३) आपला अनुभव

१९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या. नोकरीमुळे हजारो घरांत शिक्षण आले. व्यवसायासाठी १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. त्याची बीजभांडवल योजना याच हेतूची आहे.

आज दोन्ही आधार ढिले होत आहेत. सफाईची कामे कंत्राटाने दिली जातात. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडीतील सेविका अजूनही वेतनाऐवजी मानधनावर राबते. छोट्या व्यावसायिकाला तारणाअभावी सावकाराचे दार गाठावे लागते. सुत्तातील वेतन आणि भांडवल, दोन्ही अपुरीच आहेत.

४) दुरावा आणि उपाय

नगरपालिकेची गाडी आली, की फेरीवाला माल उचलून पळतो. येथे दोघे एकमेकांचे शत्रू वाटतात. पथविक्रेता अधिनियम, २०१४ ने यावर मार्ग दिला आहे. नगर पथविक्रेता समितीत आयुक्त किंवा मुख्याधिकारी अध्यक्ष असतात आणि किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात; त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. कायदा कागदावर राहू नये म्हणून आपल्या गावी ही समिती आहे काय, याची चौकशी सुशिक्षितांनी करावी.

नोकरदार बंधू-भगिनींनी वस्ती सोडून कॉलनीत घर केले, तरी महिन्याची काही खरेदी जुन्या वस्तीतून करावी. कर्जाचे अर्ज भरण्यास तरुणांना मदत करावी. व्यावसायिकांनी मापात पाप करू नये, हिशेब लिहावा. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी. गल्ल्यातील सारी रक्कम नफा समजून खर्च करणाऱ्याने हा हिशेब रोज आठवावा.

म्हणून मुलगा नोकरीला आहे का, एवढ्यावर न थांबता, तो प्रामाणिक कष्टाने कमावतो का, हेही विचारू या.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कूटदंत सुत्तात व्यापारी व राजसेवक यांना काय द्यावे असे सांगितले आहे?
२. आपल्या घरचा एका महिन्याचा खर्च लिहून काढा. त्यातील किती रक्कम वस्तीतच खर्च झाली?
३. आपल्या गल्लीत सफाई, पाणी व आरोग्य यांचे काम कोण करते? त्यांना पगार मिळतो की मानधन?