जुन्या चित्रांतली माणसं आणि त्यांच्या हातातली शस्त्रं : चित्रवाचनाचा एक पाठ



इतिहासाची साधने शिकवताना आपण भौतिक, लिखित आणि मौखिक असे तीन प्रकार फळ्यावर लिहितो. मुलं ते पाठही करतात. पण पुस्तकात एखादं जुनं चित्र दिसलं की तीच मुलं ते फोटोसारखं खरं धरून चालतात. "चित्रात आहे म्हणजे तसंच असणार!" चित्र हेही एक साधन आहे आणि त्यालाही प्रश्न विचारायचे असतात, हे त्यांना कसं शिकवायचं? त्यासाठी सोळाव्या शतकातल्या युरोपीय चित्रांचा फार चांगला उपयोग होतो. पाचवीपासून पुढच्या वर्गांना ती दाखवता येतील.

१) ऐकून काढलेलं चित्र

१५०५ साली फ्रान्सिस्को द आल्मेदा याच्या पोर्तुगीज आरमाराबरोबर बाल्थाझार श्प्रेंगर नावाचा माणूस भारताकडे निघाला. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरातल्या वेल्झर या व्यापारी घराण्याचा तो प्रतिनिधी. आफ्रिकेला वळसा घालून तो मलबारला आला आणि १५०६ मध्ये परतला. त्याच्या माहितीवरून आउग्सबुर्गचाच चित्रकार हान्स बुर्कमायर याने १५०८ मध्ये लाकडावर कोरून एक चित्रमाला छापली. चित्रं शेजारी शेजारी लावली की लांब पट्टी तयार होते. आधी गिनीचे लोक, मग आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचे, मग अरबस्तानातले, मग भारतातले. शेवटी माणसांनी खांद्यावरून वाहून नेलेला, छत्राखाली बसलेला कोचीनचा राजा आणि त्याच्याबरोबरचे शस्त्रधारी लोक.

बुर्कमायर स्वतः भारतात कधी आला नव्हता. तरीही त्याने बऱ्यापैकी काळजी घेतलेली दिसते. दक्षिण आफ्रिकेतली माणसं कातडी पांघरलेली आहेत, आणि तिथले खोयखोय पशुपालक खरोखरच कातडी पांघरत. पण शरीराची ठेवण आणि उभं राहण्याची ढब मात्र युरोपातल्या चित्रकारांच्या सवयीची. म्हणजे वस्तू तिकडच्या, अंग इकडचं!

२) कालिकतचे लोक आणि ब्राझीलची पिसं

याच बुर्कमायरने पुढे दहाएक वर्षांनी सम्राट माक्सिमिलियन (पहिला) याच्या भव्य मिरवणुकीच्या चित्रमालेसाठी 'कालिकतचे लोक' काढले. कालिकत म्हणजे आजचं केरळमधलं कोळिकोड. चित्रात हत्ती आहे, ते ठीक. पण काही माणसांच्या डोक्यावर पिसांचे मुकुट, कमरेला पिसांची वस्त्रं आणि हातात लांब लाकडी सोटे आहेत. या वस्तू मलबारच्या नाहीत, ब्राझीलच्या तुपिनांबा लोकांच्या वळणाच्या आहेत. मिरवणुकीत मक्याची कणसंसुद्धा आहेत, आणि मका मूळचा अमेरिकेतला!

असं का झालं? १५०० साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल आधी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत पुढे कालिकतला पोहोचला. शिवाय कोलंबसापासून अमेरिकेलाही 'इंडीज'च म्हणत. युरोपातल्या माणसाच्या दृष्टीने हे सगळे 'दूरचे लोक', त्यामुळे एकाची पिसं दुसऱ्याच्या डोक्यावर गेली.

३) गोव्यात राहून केलेली चित्रं

यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ अशी सुमारे पाच वर्षं गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. त्याचं प्रवासवर्णन १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलं गेलं. त्यात गोव्याचा बाजार आहे, पालखी वाहणारे भोई आहेत आणि कोचीनचा राजाही आहे. या वेळी तो हत्तीवर बसलेला असून भोवती शस्त्रधारी नायर योद्धे आहेत. १५०८ आणि १५९६ ची कोचीनच्या राजाची ही दोन चित्रं मुलांसमोर शेजारी ठेवा. "काय सारखं, काय वेगळं?" एवढाच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. मुलं बोलतात.

लिन्सखोटेनने पाहिलं खरं, पण छापण्यासाठी चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरली ती डूटेकम घराण्यातल्या कारागिरांनी. पुढे जर्मनीतल्या द ब्री कुटुंबाने आपल्या प्रवासग्रंथांत त्यांच्या नकला केल्या. प्रत्येक हाताबरोबर चित्र थोडं बदलत जातं.

याउलट रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास काढलेली ७६ रंगीत चित्रं आहेत. पूर्व आफ्रिकेपासून चीनपर्यंतचे लोक त्यात आहेत. मजकूर पोर्तुगीज, पण शैलीवरून चित्रकार भारतीय असावा असं अभ्यासक मानतात. त्यात अनेक ठिकाणी पुरुषाशेजारी त्याच लोकांमधली स्त्रीही उभी आहे.

शस्त्रंच का दिसतात?

याची तीन साधी कारणं मुलांना सांगता येतील. पहिलं, प्रवासाला आलेले लोक व्यापारी, खलाशी, सैनिक होते. कोणत्या बंदरात कोण लढतो, कशाने लढतो, हे त्यांना कामाचं होतं. दुसरं, भाला किंवा सोटा जहाजातून युरोपात नेता येतो, पण घर, भाषा, शेती नेता येत नाही. तिसरं, चित्रात माणूस पटकन ओळखू यावा म्हणून हातात काहीतरी खूण लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : चित्रात काय नाही? श्प्रेंगर ज्या आरमाराबरोबर होता, त्याच आरमाराने १५०५ मध्ये पूर्व आफ्रिकेतलं किल्वा घेतलं आणि मोंबासा जाळलं. पट्टीतल्या माणसांच्या हाती भाले-तलवारी दिसतात, पण पोर्तुगीजांच्या तोफा कुठेच नाहीत. पाहणारा समजतो, हेच लोक लढाऊ. चित्र काढणाऱ्या बाजूची शस्त्रं चौकटीबाहेर राहतात.

वर्गात काय करता येईल?

• एका मुलाने खुरपं किंवा विळी नाव न घेता शब्दांत सांगायची आणि दुसऱ्याने न पाहता काढायची. श्प्रेंगर आणि बुर्कमायर दोघंही कळतात.
• बटाट्यावर अक्षर कोरून ठसा उमटवा. अक्षर उलटं येतं. मग विचारा, छापील चित्राची नकल करताना उजव्या हातातली तलवार कुठे जाईल?
• कोणत्याही जुन्या चित्राला पाच प्रश्न : कोणी काढलं? स्वतः पाहिलं होतं का? कोणासाठी काढलं? यातली प्रत्येक वस्तू कुठली? काय दाखवलेलं नाही?

पालकांसाठी दोन शब्द

हा पाठ पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपापुरता नाही. आपल्या स्नेहसंमेलनात 'आदिवासी' म्हटलं की मुलांच्या डोक्याला कोंबडीची पिसं, कमरेला पानं, तोंडाला काळा रंग आणि हातात पुठ्ठ्याचा भाला येतो. हे वारली आहेत, भिल्ल आहेत, की गोंड? कोणीच विचारत नाही. बुर्कमायरने कालिकतच्या लोकांना ब्राझीलची पिसं लावली, तसंच हे. फरक इतकाच, की कालिकतचा माणूस ते चित्र पाहायला आउग्सबुर्गला नव्हता. आपल्या वर्गात मात्र त्या समाजाचं मूल दुसऱ्या बाकावर बसून बघत असतं. तिचे बाबा शेतकरी असतील, आई अंगणवाडीत असेल, आणि मंचावर तिला दिसतं ते ओरडत नाचणारं कुणीतरी भलतंच.

पुढच्या संमेलनाआधी पोशाख ठरवताना मुलांना त्या पाच प्रश्नांपैकी निदान एक विचारू द्या : "यातली ही वस्तू कुठली?" उत्तर देता आलं नाही, तर ती वस्तू पोशाखातून काढा. त्या समाजातल्या पालकांना शाळेत बोलवा आणि त्यांच्याकडून खरा पोशाख, खरं गाणं समजून घ्या. मुलांना तो पाठ पुस्तकापेक्षा जास्त दिवस लक्षात राहील.