लॉनी जॉन्सनच्या ध्वनिमुद्रिका : निवड कोणत्या निकषावर?

द्वितीय वर्ष, कला

एखाद्या कलावंताच्या शेकडो ध्वनिमुद्रिका उपलब्ध असतील आणि ऐकणाऱ्याजवळ एकच तास असेल, तर त्याने काय ऐकावे? प्रश्न साधा दिसतो. पण निवड करू लागलो की आपण त्या कलावंताला कोण समजतो, हेच आपोआप ठरत जाते. अमेरिकेतील आरंभीच्या काळचा ब्लूज व जॅझ गिटारवादक लॉनी जॉन्सन याच्या उदाहरणावरून हा प्रश्न तपासावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. जॉन्सनचा जन्म न्यू ऑर्लिन्स शहरातील एका वादक कुटुंबात झाला. तो व्हायोलिन, पियानो आणि गिटार ही तिन्ही वाद्ये वाजवीत असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो इंग्लंडला गेला आणि १९१९ मध्ये परतला, तेव्हा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने त्याचे जवळजवळ सारे कुटुंब नाहीसे झाले होते. एक भाऊ तेवढा उरला होता. पुढे तो सेंट लुईस येथे आला. १९२५ मध्ये तेथील बुकर टी. वॉशिंग्टन थिएटरमधील गायनस्पर्धा त्याने जिंकली. बक्षीस होते ओके कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करण्याचा करार. स्पर्धा ब्लूजची होती, म्हणून जॉन्सन ‘ब्लूज गायक’ ठरला. हा शिक्का पुढे पंचेचाळीस वर्षे पुसला गेला नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता निवडीकडे वळू. पहिला निकष ध्वनीचा. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर बसून होत असे. गिटारसारख्या हलक्या आवाजाच्या वाद्याचा त्यात निभाव लागणे कठीण. मायक्रोफोन आला आणि गिटारची एकेक तार स्वच्छ ऐकू येऊ लागली. १९२६ साली ओके कंपनी कोलंबियाच्या ताब्यात गेली. त्यानंतरच्या, म्हणजे १९२७ पासूनच्या मुद्रिका नवख्या श्रोत्याने आधी ऐकाव्यात. नोव्हेंबर १९२५ ची ‘मिस्टर जॉन्सन्स ब्लूज’ इतिहास म्हणून महत्त्वाची आहे. पण सुरुवात तिच्यापासून केली तर कान लवकर कंटाळतो.

दुसरा निकष वादनाचा. त्या काळी वाद्यवृंदात गिटार किंवा बँजो यांचे काम मुख्यतः ताल धरण्याचे होते. जॉन्सनने एकेका तारेवर, एकेका स्वराने सुरावट मांडली आणि गिटारला जणू गायकाचा कंठ दिला. हे कळण्यासाठी १९२८ मधील ‘प्लेइंग विथ द स्ट्रिंग्ज’ आणि ‘अवे डाउन इन द अ‍ॅली ब्लूज’ या मुद्रिका घ्याव्यात. त्यांत शब्द नाहीत, त्यामुळे इंग्रजी उच्चारांची अडचण आपल्यासारख्यांना येत नाही. त्यानंतर डिसेंबर १९२७ मध्ये शिकागो येथे लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्हबरोबर केलेली ‘हॉटर दॅन दॅट’ ऐकावी. तीत एका जागी बाकीची वाद्ये थांबतात. आर्मस्ट्राँग निरर्थक अक्षरांनी गातो आणि जॉन्सनची गिटार त्याला उत्तर देते. सवाल-जबाब ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला ही जागा समजावून सांगावी लागत नाही.

तिसरा निकष संगतीचा. १९२८-२९ मध्ये जॉन्सनने एडी लँग या गोऱ्या गिटारवादकाबरोबर काही युगुलवादने केली. लँग मुख्यतः साथ धरतो आणि जॉन्सन पुढे खेळतो. या मुद्रिकांवर लँगचे नाव मात्र ‘ब्लाइंड विली डन’ असे छापले गेले. काळ्या श्रोत्यांसाठी वेगळ्या मालिकेत विकल्या जाणाऱ्या तबकड्यांवर गोऱ्या वादकाचे नाव नको होते. दोघे एका खोलीत वाजवू शकत होते, पण लेबलवर एकत्र नांदू शकत नव्हते! यांतील १९२९ ची ‘अ हँडफुल ऑफ रिफ्स’ अवश्य निवडावी.

येथे एक व्यावहारिक सूचना. केवळ गाण्याचे नाव पाहून निवड करू नये. कंपनी आणि तारीखही पाहावी. ड्यूक एलिंग्टनने ‘द मूच’ ही रचना ऑक्टोबर १९२८ या एकाच महिन्यात निरनिराळ्या कंपन्यांसाठी मुद्रित केली. जॉन्सनची गिटार आहे ती ओके कंपनीच्या १ ऑक्टोबरच्या मुद्रिकेत. दुसरी घेतली तर ज्याच्यासाठी ऐकायला बसलो तोच गैरहजर! तसेच १९२५ ते १९३२ या काळातील त्याच्या मुद्रिका डॉक्युमेंट कंपनीने सात भागांत कालानुक्रमे काढल्या आहेत. अभ्यासाला त्या उत्तम. पण सलग ऐकू नयेत. गायलेल्या अनेक ब्लूजमध्ये चाल आणि आरंभीचा गिटारचा तुकडा सारखाच असल्याने त्यांतील वेगळेपण हरवते.

आतापर्यंतची यादी पाहिली तर ती १९२९ ला संपते. बहुतेक जाणकारांचा ओढा तिकडेच असतो. पण येथेच चौथा निकष पुढे येतो, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे : खुद्द कलावंताला काय गावेसे वाटत होते?

जॉन्सनला हळुवार भावगीतेही प्रिय होती. डिसेंबर १९४७ मध्ये किंग कंपनीसाठी त्याने गायलेले ‘टुमॉरो नाइट’ हे ब्लूज नव्हे. तरीही १९४८ मध्ये ते काळ्या श्रोत्यांच्या विक्रीयादीत सात आठवडे पहिले होते. पुढे दिवस फिरले. १९५९ मध्ये ख्रिस अल्बर्टसन याने त्याला शोधून काढले, तेव्हा तो फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाडलोटीचे काम करीत होता. लोकांनी त्याला पुन्हा व्यासपीठावर बसवले खरे, पण पुष्कळांना हवा होता जुना, अस्सल, दुःखी ब्लूजवाला. त्याने भावगीत धरले की ते हिरमुसत. १९६० च्या त्याच्या एका तबकडीचे नावच ‘ब्लूज अँड बॅलड्स’ आहे. या दोन शब्दांत त्याने आपले दोन्ही हक्क मागितले आहेत, असे मला वाटते.

हे मला इतके का लागावे? माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. खेड्यातून आलेला मुलगा म्हटला की त्याने स्नेहसंमेलनात लोकगीतच म्हणावे, निबंधात शेतीच लिहावी, असे प्रेमाने गृहीत धरले जाते. लोकगीत मला आवडते. ते माझ्या आईच्या तोंडचे आहे. पण ‘तुला एवढेच शोभते’ असे कोणी ठरवले की तेच गाणे गळ्यात अडकते. जॉन्सनवर प्रेम करणाऱ्यांनी त्याच्याशी नेमके हेच केले, आणि तेही कौतुकाने.

म्हणून माझी यादी आठ मुद्रिकांची आहे : ‘हॉटर दॅन दॅट’, ‘प्लेइंग विथ द स्ट्रिंग्ज’, ‘अवे डाउन इन द अ‍ॅली ब्लूज’, ‘द मूच’, ‘अ हँडफुल ऑफ रिफ्स’, गायक म्हणून १९४२ ची ‘हीज अ जेली रोल बेकर’, मग ‘टुमॉरो नाइट’, आणि शेवटी ‘ब्लूज अँड बॅलड्स’मधील कोणतेही एक भावगीत. जुन्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांची असते. तेव्हा हे सारे अर्ध्या तासात आटोपते. उरलेल्या अर्ध्या तासात चर्चा व्हावी. शेवटच्या दोन गाण्यांना कोणी ‘हे काही खरे ब्लूज नव्हे’ असे म्हटले, तर त्याच्याशी वाद घालू नये. ती गाणी पुन्हा एकदा लावावीत. जॉन्सन १९७० मध्ये टोरोंटो येथे वारला. आपल्या आवडीचे गाणे निवडण्याचा त्याचा हक्क आता श्रोत्यांच्याच हाती आहे.