तंबाखूची देवाणघेवाण

तंबाखूची सवय बहुधा आपल्याच माणसांच्या हातून लागते. आपल्या गावांत आजीची मिश्री नातीच्या हाती येते, कामावर चुन्याची डबी फिरते. बिहार, उत्तर प्रदेशातून बांधकामावर आलेला मजूर खैनी मळतो आणि शेजारच्यालाही देतो. भाषा कळली नाही तरी ओळख होते. घरापासून दूर असलेल्याला ती सोबत वाटते; भूक व थकवा घटकाभर जाणवत नाही. पुढे निकोटिन सोडत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

‘परप्रांतीयांनी व्यसन आणले’ असे आपण सहज म्हणतो. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणारे प्रौढ महाराष्ट्रात २६.६ टक्के, तर बिहारमध्ये २५.९ टक्के आढळले. दोष एकमेकांवर ढकलून भागणार नाही.

राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली. घरातली मिश्री आणि मित्राने पुढे केलेली चिमूट मात्र आपणच थांबवायला हवी. कामगारांची विचारपूस चहा, गूळ-शेंगदाण्यांनीही होते. सोडू इच्छिणाऱ्यांना १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. हा क्रमांक आपण स्थानिकांना आणि स्थलांतरितांनाही देऊ या.