बाई, गाडी उचलायला आलात का?

नगरपालिकेत समूह संघटक म्हणून मी पथविक्रेत्यांसोबत काम केलं. जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना आली आणि मुस्लिम मोहल्ल्यातल्या हातगाडीवाल्यांची जबाबदारी माझ्याकडे आली. त्या गल्ल्यांनी जे शिकवलं, ते लिहून ठेवते.

१. आधी ऐकून घ्या. बांगड्यांची गाडी लावणाऱ्या खालांचा पहिला प्रश्न होता, "बाई, गाडी उचलायला आलात का?" पालिका म्हणजे अतिक्रमणवाले, एवढीच त्यांची ओळख. त्या दिवशी मी फॉर्म पिशवीतून काढलेच नाहीत. गाडी किती वेळा उचलली, सोडवायला किती दंड भरला, ते ऐकत बसले.

२. वेळ त्यांच्या सोयीची धरा. आमचं पहिलं शिबिर शुक्रवारी, ऐन जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी लागलं. मंडप रिकामा आणि अहवालात शेरा : 'प्रतिसाद नाही.' पुढचं शिबिर रात्री नऊला, बाजार उठताना, चौकातच घेतलं. रांग लागली.

३. एका पुढाऱ्याच्या यादीवर विसंबू नका. मोहल्ल्यातल्या वजनदार माणसाने यादी दिली, तिच्यात एकही बाई नव्हती. शाळेबाहेर उकडलेले चणे विकणाऱ्या, कपड्यांची पथारी टाकणाऱ्या बाया मला अंगणवाडी सेविकेने दाखवल्या.

४. कागदाची अडचण आपली समजा. 'शेख' हे आडनाव आधारवर एका स्पेलिंगने, पासबुकात दुसऱ्या. तेवढ्यावरून अर्ज परत येत. पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात नाव सुटलेल्यांना पालिकेचं शिफारसपत्र चालतं, हे तर कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी अर्जदारांसोबत बँकेत जाऊन बसू लागले, तेव्हा कामं हलली.

५. कर्जाबरोबर हक्कही सांगा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला, आणि अल्पसंख्याकांनाही प्रतिनिधित्व हवं. हे कळलं की माणूस आपल्याशी हात जोडून नाही, ताठ मानेने बोलतो. मला तेच हवं होतं.

६. काम झाल्यावरही जा. त्या वेळी पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं. ते वेळेत फेडलं की २०,०००, मग ५०,०००, शिवाय नियमित हप्त्यांवर ७ टक्के व्याज अनुदान. पण पहिल्या कर्जानंतर आपण फिरकलोच नाही, तर हा पुढचा रस्ता त्यांना दिसणार कसा?

खालांनी दुसऱ्या कर्जातून लग्नसराईचा माल भरला. त्यानंतर गेले, तेव्हा त्यांनी स्टूल पदराने पुसून पुढे केलं. "बसा बाई. त्या चपलावाल्याचा फॉर्म राहिलाय. त्याला बोलावते."