पाईप आमचा नव्हताच

ज्या पाईपाचा व्हिडिओ दाखवून माझ्याकडून पैसे घेतले, तो पाईप माझ्या घरचा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या शिरूरच्या गल्लीत अजूनही ‘काका उगाच भांडतात’ असं बोललं जातं. बोलणाऱ्यांनी जरा वेळ काढून वाचावं.

मागच्या बाजूचं संडास-बाथरूम तुंबत होतं. पाऊस सुरू झाला की नहाणी ट्रॅपमधून पाणी उलटं वर यायचं. मिस्त्रीने बांबूची कांब घालून पाहिली, ॲसिड झालं, सेप्टिक टँकही उपसून झाली. मग दौंडकडच्या एकाची जाहिरात मोबाईलवर आली : लवचिक रोबोटने पाईपाच्या आतून तपासणी, फोडाफोड नाही. तो आला. टी-शर्टवर छापलेलं नाव, हातमोजे, तोंडाला मास्क. गाडीतून काढलं काय, तर पिवळ्या फायबरच्या कांबेचं भेंडोळं, पुढच्या टोकाला अंगठ्याएवढा कॅमेरा आणि त्याभोवती बारीक दिवे. कांब हाताने ढकलायची. स्वतःहून इंचभरही न सरकणाऱ्या वस्तूला रोबोट का म्हणायचं, हे मी तिथेच विचारलं होतं. “काका, आत एआय असतं,” असं उत्तर मिळालं.

खरे रोबोट असतात, नाही असं नाही. टोकियोच्या चुओ विद्यापीठात गांडुळाच्या चालीवरून बनवलेले, अंग आखडत-फुगवत पाईपातून सरकणारे रोबोट आहेत. स्टॅनफर्डच्या मंडळींनी २०१७मध्ये वेलीसारखा टोकाने वाढणारा रोबोट जगापुढे मांडला. सदऱ्याची उलटी झालेली बाही सुलटी करताना ती आतून बाहेर येते ना, तशी प्लास्टिकची नळी हवेच्या दाबाने पुढे उलगडत जाते. बाजूला घासत नाही, म्हणून वळणातूनही जाते. आपल्याकडे केरळचा ‘बँडिकूट’ २०१८पासून मॅनहोल साफ करतोय, आयआयटी मद्रासने सेप्टिक टँकसाठी ‘होमोसेप’ तयार केला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं उतरतात आणि गुदमरून मरतात; रोबोट खरा हवाय तो तिथे. आमच्या दारात आलेली चीज कांबेवरचा कॅमेराच होती. ती वस्तूही वाईट नाही, नीट वापरली तर फार उपयोगाची. पण नाव रोबोटचं आणि भावही रोबोटचा!

मी म्हटलं, पहार आणतो, चेंबरचं झाकण काढू. हे मी म्हटलं होतं, शेजारचे साक्षीला आहेत. “गरज नाही, आतूनच घालतो. तुम्ही बाहेर थांबा, सिग्नलला डिस्टर्ब होतो.” बाथरूमचं दार लोटून घेतलं. बाहेर येऊन स्क्रीन आमच्यापुढे धरला, मान हलवली, आणि पूर्ण लाईन गेलीय, सगळ्या फरशा काढाव्या लागतील म्हणून ८५ हजारांचं कोटेशन दिलं. फोडाफोड नाही म्हणून ज्याला बोलावलं, त्याने घर फोडायचंच कोटेशन द्यावं! तपासणीचे पैसे लगेच घेतले. व्हिडिओ मात्र मी मागून घेतला, पेन ड्राइव्हवर. तो द्यायला किती कुरकुर!

रात्री टीव्हीला लावून बसलो. चित्र स्वच्छ होतं. तपकिरी, चकचकीत गोल भिंत, मध्येच सॉकेटची जाड कड, त्या फटीत सिमेंट, आणि फटीतून आत आलेल्या पांढऱ्या मुळ्या पाण्याबरोबर हलतायत. ही म्हणाली, “आपला पाईप तपकिरी कुठे आहे?” मी व्हिडिओ थांबवला. चिनी मातीचा पाईप! आमची लाईन २०११ची, राखाडी पीव्हीसी, चार इंची, रबर रिंगची. टाकताना लेव्हल ट्यूबचं एक टोक मी स्वतः धरलं होतं. त्या बाजूला झाड म्हणाल तर कुंडीतला कढीपत्ता. मग स्क्रीनच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. आत गेलेल्या कांबेचा आकडा : ३१.४ मीटर. आमच्या बाथरूमपासून टाकीपर्यंत सगळं मिळून चाळीस फूट, म्हणजे बारा मीटर. उरलेली कांब काय घोडनदीत गेली?

सकाळी फोन केला. आधी “काका, कॅमेऱ्यात रंग तसा दिसतो.” मीटरचं विचारल्यावर “व्हिडिओ मिक्स झाला असेल.” नंतर फोनच उचलेना, मेसेजला निळ्या खुणा तेवढ्या उमटत होत्या. दौंडच्या कुठल्या तरी जुन्या वाड्यात मुळ्या शिरलेला पाईप आहे आणि मालकाला पत्ता नाही, असं मला आपलं राहून राहून वाटतं.

पुढे भाच्याच्या ओळखीने पुण्याहून दुसरा माणूस आला. त्याने पहिलं काम केलं ते चेंबर उघडायचं. स्क्रीन माझ्या हातात दिला आणि कॅमेरा आत जाताना आमचंच चेंबर, आमच्याच विटा, सगळं एका दमात, न तोडता रेकॉर्ड केलं. थोडं आत गेल्यावर पाण्याची रेघ वर चढायला लागली, भिंगापर्यंत आली, कॅमेरा बुडाला, आणि पुढे सरकल्यावर पुन्हा बाहेर आला. पाईप बसलाय, तो म्हणाला. कॅमेऱ्याच्या डोक्यात ५१२ हर्ट्झचा ट्रान्समीटर असतो. वर जमिनीवर लोकेटर म्हणतात ते यंत्र फिरवलं की तो नेमका कुठे आणि किती खोल आहे ते कळतं. तिथे फक्कीची फुली मारली. फुली पडली ती टँकर मागे घेतो त्या चाकोरीतच! टाकी उपसायला बोलावलेल्या टँकरनेच दुखणं वाढवलं असणार. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, त्यात वरून हा भार. तेवढाच तुकडा खणला, खाली मुरूम ठोकला, पाईपाचा एक नग आणि कपलर बदलला. बाथरूमची एकही फरशी हलली नाही.

तेव्हा बोलवायचाच असेल कोणी, तर चेंबरपासून सुरुवात करायला लावा आणि दार लोटू देऊ नका. लोकेटर आहे का ते फोनवरच विचारा. नसेल तर चित्र कितीही छान येवो, खणायचं कुठे ते कळणार नाही. आपल्या लाईनची लांबी आधी टेपने मोजून ठेवा. कॅमेऱ्याआधी पाणी मारून लाईन धुवा, नाहीतर भिंगावर शेण बसल्यासारखं दिसतं आणि ‘ब्लॉक’ म्हणून सांगायला ते मोकळे. चार इंची लाईनला चाळीस फुटांत एक फूट उतार लागतो, हे बांधणाऱ्या मिस्त्रीला आजच ऐकवा. आणि भिंतीतल्या अर्ध्या इंची नळात कॅमेरा घालतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. काटकोनी एल्बोतून ही कांब वळत नाही, तिथे प्रेशर टेस्टच लागते. बिल घ्या, पैसे रोख देऊ नका, चार ठिकाणी चौकशी करा. हे सगळे सांगतात, मीही सांगतो.

अजून एक. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. वकील केलाच पाहिजे असंही नाही. मी अर्ज केलाय, म्हटल्यावर त्या गृहस्थांचा फोन परवा आपणहून आला. “काका, निम्मे घ्या आणि मिटवा.” मी म्हटलं, पूर्ण घेईन, आणि ते कशाबद्दल परत करताय ते लेखी द्या. लेखीचं नाव काढल्यावर, विचार करून सांगतो म्हणाला.