बिडाच्या भांड्याचे वय कसे ओळखावे?

बीड म्हणजे ओतीव लोखंड. घावन-आंबोळ्यांचे बिडाचे तवे आमच्या घाटकोपरच्या चाळीत चुलीवरून स्टोव्हवर आणि स्टोव्हवरून गॅसवर चढले. आज अशा जुन्या भांड्यांना दोन गिऱ्हाइके आहेत: चोरबाजारातील व्यापारी आणि भंगारवाला. माझे वडील दुसऱ्या वर्गातले. दुकानात बीड वजनावर येते, घणाने फुटते आणि तुकडे ओतशाळेच्या भट्टीत जातात. तेव्हा काय राखायचे, हे घण पडण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

धातू ओळखण्यास लोहचुंबक निरुपयोगी. तो पत्र्याच्या तव्यालाही चिकटतो. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, त्यामुळे ते ठिसूळ असते व ठोकून घडत नाही. वाळूच्या साच्यातून निघाल्याने त्याचा तळ खरबरीत राहतो, कडेला साच्याच्या जोडाची रेघ दिसते. तळावर मधोमध उंच रेघ असेल, तर रस तेथून ओतला गेला. अमेरिकेतील संग्राहक ही रेघ १८९० च्या आसपासची किंवा त्यापूर्वीची खूण मानतात. आपल्याकडे तो नियम जसाच्या तसा लावू नये. लहान ओतशाळा जुनी रीत सहज सोडत नाहीत.

खरी मेख जोडभांड्यांत आहे. कढई एका घरची, झाकण दुसऱ्या घरचे, मूठ तिसरीकडची! विकणारा मात्र सर्वांत जुन्या भागाचे वय सबंध भांड्याला लावतो. वास्तविक सध्याचा जोड सर्वांत नव्या भागाहून जुना असू शकत नाही. झाकण बसवून कडेला बोटाने दाबावे. ते डुगडुगले, तर संशय घ्यावा. दोन भाग वर्षानुवर्षे एकत्र नांदले असतील, तर झाकणाची झीज व काठाची झीज जुळते. कानाच्या मुळाशी पिवळी रेघ म्हणजे पितळी डाग, अर्थात दुरुस्ती. मुठीला चौफुली खाचेचा स्क्रू असेल, तर तो १९३० च्या दशकाआधीचा नव्हे. ठशात पेटंटचे साल असल्यास भांडे त्याआधीचे नाही, एवढेच सिद्ध होते. त्यानंतर ते कितीही वर्षांनी ओतलेले असेल.

‘अँटिक’ हा शब्द बाजारात फार स्वस्त झाला आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात अशा वस्तूंसाठी किमान शंभर वर्षांची अट आहे.

हल्ली आम्ही असे जोड आधी सुटे करतो आणि ठसा असलेला भाग फळीवर ठेवतो. वडील विचारतात, फळीवरच्या बिडात अडकलेले पैसे कधी सुटणार? प्रश्न रास्त आहे.