“समजले ना?” एवढे विचारून भागत नाही



हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला घरी सोडताना गोळ्या दिल्या जातात, चार सूचना सांगितल्या जातात आणि शेवटी विचारले जाते, “समजले ना?” पाड्यावरचा माणूस मान डोलावतो. सिस्टरपुढे “नाही” म्हणायला त्याला संकोच वाटतो. मग काही आठवड्यांत पाय सुजून, धाप लागून तो परत येतो. कधी कधी यायला फार उशीर झालेला असतो.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची ताकद कमी पडते आणि अंगात पाणी साठू लागते. हे दुखणे बहुधा आयुष्यभर सांभाळावे लागते. आणि रोज सांभाळणारे असतात रुग्ण आणि त्याच्या घरचे. म्हणून त्यांना किती कळले आहे हे मोजणे हाही रुग्णसेवेचाच भाग आहे.

नेदरलँड्समध्ये यासाठी १५ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली व २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. पर्यायांतून उत्तर निवडायचे, बरोबर उत्तराला एक गुण. आजार, लक्षणे आणि उपचार यांविषयी रुग्णाला काय ठाऊक आहे, हे त्यातून कळते.

ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हाती कागद देऊन उपयोग नाही. तेथे त्याच्याच बोलीत, तोंडी विचारावे. आणि “हो-नाही”वर भागणार नाही असे विचारावे:

१. वजन केव्हा करायचे आणि का? (रोज सकाळी, लघवी करून, काही खाण्याआधी. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढले, तर बहुधा पाणी साठले आहे; लगेच कळवावे.)

२. तुमच्या घरात कशाकशातून मीठ पोटात जाते? (सुकी मासळी, लोणचे, पापड.)

३. बरे वाटू लागले की गोळ्यांचे काय करायचे? (चालूच ठेवायच्या.)

४. अंग दुखले तर काय घ्याल? (दुकानातून वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नये, काही गोळ्यांनी अंगात पाणी साठते.)

५. काय झाले तर दवाखान्यात यायला थांबायचे नाही? (आडवे होताच धाप लागणे, पायांची सूज वाढणे.)

उत्तर चुकले म्हणजे रुग्ण नापास झाला असे नाही. आपण कसे शिकवले याची ती तपासणी आहे. पुन्हा सोपे करून सांगावे, त्याच्याच तोंडून ऐकावे आणि पुढच्या भेटीत तेच प्रश्न परत विचारावेत.

एक मात्र विसरू नये: कळणे वेगळे आणि करता येणे वेगळे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अचूक देणाऱ्या आजीच्या घरी वजनकाटाच नसेल, तर त्या ज्ञानाचा तिला काय लाभ?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ मध्ये फिलिप्प रथातल्या कूशी अधिकाऱ्याला विचारतो, की वाचता ते तुम्हाला समजते का? तो अधिकारी मोकळेपणाने आपली अडचण सांगतो, कारण विचारणारा त्याला कमी लेखत नाही. फिलिप्प रथात चढून त्याच्याशेजारी बसतो आणि तेथून समजावू लागतो. आपणही रुग्णाच्या ओट्यावर असेच बसावे.

प्रार्थनेसाठी: पाड्यांवर जाणाऱ्या सिस्टर व आरोग्यसेविकांना धीर आणि ऐकण्याचा कान मिळावा. आपल्या मंडळीकडून एखाद्या पाड्यासाठी एक वजनकाटा देता येईल का, याचाही विचार व्हावा.